कस्तुराबाईंचं बोट

हर्सूलच्या अंगणवाडीत बत्तीस वर्षं काढून कस्तुराबाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि चांदीचा वाटी-चमचा मिळाला. पण वस्तीनं लक्षात ठेवलं ते त्यांचं बोट. पोर कितीही हट्टी असो, ओठ आवळून, मान फिरवून, आईला रडकुंडीला आणून बसलेलं असो, कस्तुराबाई उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या हनुवटीखाली अलगद लावायच्या आणि पोराचं तोंड आपोआप उघडायचं. घास आत. आयांना ते जमत नसे. त्याच पोरांपैकी एक जण आता जेलवर शिपाई आहे. कस्तुराबाई रस्त्यात समोर आल्या की त्याचं तोंड अजूनही किंचित उघडतं, असं कारभारी शपथेवर सांगत. कारभारी म्हणजे त्यांचे यजमान; त्यांच्या शपथेला घरात फारशी किंमत नव्हती, तरी हे मात्र सगळ्यांना पटायचं.

अशा बाईच्या घरात सून येऊन म्हणाली की बाळाच्या तोंडात कुणीच काही घालायचं नाही.

"म्हंजी उपाशी ठिवायचं?" कस्तुराबाईंनी विचारलं होतं.

"उपाशी कशाला? समोर ठेवायचं. भोपळा, गाजर, वाफवून मऊ केलेलं. राजनंदिनी आपल्या हातानं घेईल, आपल्या हातानं खाईल." सायली शेंद्र्याच्या एका कंपनीत माल तपासायच्या विभागात होती. घरातही ती तपासल्यासारखीच बोलायची, न रागावता, एकेक मुद्दा बाजूला ठेवत.

"आन् नाय घेतलं तर?"

"तर नाही घेतलं. दूध आहेच की."

"लेकरू हाय ते, का पंगतीला आलेला पाव्हणा?"

यावर सायली हसली होती. पण मग तिनं जे सांगितलं, ते कस्तुराबाईंच्या काळजात रुतून बसलं. "आई, सोमवारपासून मी कामावर जाणार. तिला तुमच्याजवळ ठेवावं असंच मला वाटतं. पण माझ्यामागं तुम्ही वाटी-चमचा घेऊन बसणार असाल, तर मी शेंद्र्याच्या पाळणाघरात तिचं नाव घालून आलेय. तिथल्या बाईंना मी सांगेन तसं करावं लागतं. तुम्हाला मी कशी सांगणार?"

बत्तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळलेल्या बाईची नात पाळणाघरात जाणार! कस्तुराबाईंनी तिथल्या तिथं शब्द दिला. भरवणार नाय म्हंजी नाय.

हा शब्द त्यांनी गुरुवारपर्यंत पाळला.

गुरुवारी सायली आंघोळीला गेली, आणि कुकरमधल्या तुरीच्या वरणाचा वास घरभर सुटला होता. कस्तुराबाईंनी चांदीच्या वाटीत वरचं पातळ वरण घेतलं, नात मांडीवर घेतली, चमचा ओठांपाशी नेला. राजनंदिनीनं तोंड मिटलं. कस्तुराबाई मनातल्या मनात हसल्या आणि त्यांनी हनुवटीखाली बोट लावलं.

तोंड उघडलं नाही.

पुन्हा लावलं. राजनंदिनीनं आजीकडं असं बघितलं, जणू मोठ्या साहेबानं अर्ज न वाचताच परत करावा. मग तिनं चमच्याला एक चापट मारली. वरण झबल्यावर आलं. बाथरूमचा नळ बंद झाला तसं कस्तुराबाईंनी झबलं बदललं, खसाखसा धुतलं आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं वाळत घातलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. शब्द मोडल्याची लाज होतीच, पण त्याहून वाईट होती ती भीती. आपलं बोट चालेनासं झालं, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी वाटी-चमचा जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकून दिला.

आणि आज रविवारी उष्टावण होतं.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायचं, म्हणून सातवा लागायची वाट बघितलेली; तो बुधवारी लागला. सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय वरचं अन्न नको, हे अंगणवाडीचंही सांगणं. पंचांग आणि अंगणवाडी यांचं एकमत झालं असं कस्तुराबाईंच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवरून त्यांना दिवस चांगला जाईल अशी आशा वाटत होती.

ती आशा अकरा वाजता द्वारकाबाई उंबऱ्यात येईपर्यंत टिकली. द्वारकाबाई म्हणजे कारभारींच्या थोरल्या बहीण, फुलंब्रीच्या. कस्तुराबाईंच्या मुलाच्या, सत्यमच्या लग्नात आहेराच्या साडीवरून जे झालं, ते झाल्यापासून त्या या घरात पाण्याशिवाय काही घेत नसत. येत मात्र प्रत्येक कार्याला.

"हे काय गं कस्तुरा?" त्यांनी बैठकीच्या मधोमध अंथरलेल्या ताडपत्रीकडं बघितलं. "इथं कापूस वेचायचाय का?"

"आक्का, आज राजनंदिनीबाई हातानं जेवणारेत," कारभारी म्हणाले. ताडपत्री त्यांनीच शेतावरून आणून दोनदा धुतली होती, आणि तिच्यावर सत्यमनं मागवलेली उंच खुर्ची स्वतः बसवली होती. "सांडासांड झाली तर फरशीला तरास नको."

"हातानं? सात महिन्याची पोर?" द्वारकाबाईंनी गळ्यातल्या पोतीला हात लावला. "आन् मग मामा कशाला बलीवलाय? फोटू काढायला?"

मामा, म्हणजे सायलीचा भाऊ हनुमान, दाराशी चपला काढत होता. दौलताबादला त्याची पेरूची बाग होती. सहा फूट उंच, हाताचे पंजे फावड्यासारखे, आणि लहान लेकरांना बघून त्याला घाम फुटायचा. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली चांदीची वाटी, चमचा आणि कुंची-झबलं त्यानं कस्तुराबाईंच्या हातात दिलं, आणि हळूच विचारलं, "मावशी, मला जमंल ना? घरी वासराला भरवून बघितलंय."

"वासरानं काय केलं?"

"चावलं."

सायलीनं सकाळीच तह केला होता. खिरीत बुडवलेली सोन्याची अंगठी मामानं ओठांना लावायची, नावापुरती. मग ताट समोर. तोंडात चमचा कुणी खुपसायचा नाही. हा तह कस्तुराबाईंना मान्य होता, कारभारींना मान्य होता, आणि सत्यमला नेहमीप्रमाणं दोन्ही बाजूंचं सगळंच मान्य होतं. द्वारकाबाईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"लावणं येगळं आन् भरवणं येगळं," त्या म्हणाल्या. "मामाचा घास पोटात गेला पायजे. तुमच्या समद्यांचा गेलाय, मपल्या पोरांचा गेलाय. हिचाच कामून नाय?"

"आत्याबाई, जाईल की," सायली म्हणाली. "तिनं घेतला तर जाईल."

"तिनं घ्यायला ती काय कलेक्टर हाय?"

कस्तुराबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. भोपळ्याच्या फोडी त्यांनीच वाफवल्या होत्या, बोटाएवढ्या लांब. सायलीनं सांगितलं होतं की दोन बोटांत दाबली तर फोड चिरडली पाहिजे, पण उचलली तर मोडता कामा नये. पहिली खेप फारच गिचका झाली, ती कारभारींनी मुकाट्यानं भाकरीबरोबर खाल्ली. दुसरी बरोबर उतरली. कस्तुराबाईंनी एक फोड पुन्हा दाबून बघितली, ताटात चार मांडल्या, आणि मनात म्हणाल्या, आजचा दिवस नीट जाऊ दे, उद्या लेकरू माझ्याजवळ राहू दे.

राजनंदिनीला खुर्चीत बसवलं. औक्षण झालं. नवी कुंची एका कानावर उतरली होती, त्यामुळं ती थोडी दांडगट दिसत होती. हनुमाननं अंगठी खिरीत बुडवली आणि ओठांना लावली.

राजनंदिनीनं ओठ मिटले.

"चमचा घे, चमचा," द्वारकाबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज शेजारच्या घरात ऐकू जायची.

हनुमाननं सायलीकडं बघितलं, मग आक्कांकडं बघितलं, आणि जी बाई जवळ बसली होती तिचं ऐकलं. त्यानं गुलमंडीच्या वाटीतला चमचा उचलला. राजनंदिनीनं मान डावीकडं वळवली. चमचा डावीकडं गेला. तिनं मान उजवीकडं वळवली. चमचा पाठोपाठ. मग एक चापट बसली आणि खीर हनुमानच्या नव्या शर्टावर.

"चावली नाय तेवढं बरं," तो पुटपुटला.

कुणीतरी हसलं. द्वारकाबाई हसल्या नाहीत. "मामाचा घास नाकारला. बरं नव्हं हे. लई वंगाळ." आणि मग त्या वळल्या. "कस्तुरा, बघत काय बसलीस? तुझं बोट लाव."

बैठकीतल्या सगळ्या नजरा कस्तुराबाईंवर आल्या.

"लाव की गं," कारभारी म्हणाले. "आक्काच्या मनाला शांती."

"आई, एकदाच," सत्यम मोबाइलच्या मागून म्हणाला. तो सगळं टिपत होता. "एक घास, मग कार्यक्रम संपला. काय सायली?"

सायली सासूकडं बघत राहिली.

कस्तुराबाईंचा हात वर आला होता. तो त्यांनी उचलला नव्हता, बत्तीस वर्षांच्या सवयीनं आपला आपण आला होता. बोट लावलं आणि तोंड उघडलं, तर लेकरू पाळणाघरात. बोट लावलं आणि उघडलं नाही, तर साऱ्या पाव्हण्यांसमोर इज्जत गेली. त्यांनी नातीकडं बघितलं. राजनंदिनी ना चमच्याकडं बघत होती ना बोटाकडं. तिची नजर बाजूच्या ताटातल्या पिवळ्याधमक फोडींवर खिळली होती आणि तिच्या बोटांची उघडझाप चालली होती.

कस्तुराबाईंनी बोट पदरात गुंडाळलं.

"नाय लावणार."

"कामून?"

"तिला खायाचं नाय आसं नाय, आक्का. तिला चमचा नकोय. बघा तिची नजर कुठं हाय." मग त्या हनुमानकडं वळल्या. "मामा, हात धुऊन ये. आन् तळहात पुढं कर."

हनुमान हात धुऊन आला. कस्तुराबाईंनी त्याच्या फावड्याएवढ्या तळहातावर भोपळ्याची एक फोड ठेवली. "आता हलायचं नाय. वासरापुढं धरतोस तसं धर."

राजनंदिनीनं मामाच्या हाताकडं बघितलं. मग तिनं पंजा मारला. फोड निसटली. पुन्हा मारला. या खेपेला मुठीत आली, वरून थोडी बाहेर डोकावत. ती आधी गालाला लागली, मग नाकाला, मग कुंचीला. चौथ्या प्रयत्नाला ती तोंडात गेली.

"गेली!" हनुमान ओरडला. "ताई, गेली! मपल्या हातावरची घेतली!"

"गिळली का?" द्वारकाबाई पुढं सरकल्या.

आणि तेवढ्यात राजनंदिनीला उबळ आली.

तिचा चेहरा लालबुंद झाला, जीभ बाहेर आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती ओकारीचा आवाज काढत खोकायला लागली. एकदम कालवा उठला. "पाठीत धपाटा घाला!" "उलटी धरा!" "पाणी, पाणी आणा!" सत्यमचा मोबाइल ताडपत्रीवर पडला. हनुमाननं आपलं जाडजूड बोट लेकराच्या तोंडाकडं नेलं. सायली अर्धवट उठली होती आणि तिथंच थिजली होती, कागदासारखी पांढरी.

कस्तुराबाईंनी हनुमानचं मनगट पकडलं.

"बोट घालू नको! तुकडा आत ढकलशील!" आवाज अंगणवाडीचा होता. चाळीस पोरांवर चालायचा, पाव्हण्यांवरही चालला. सगळे गप झाले. "आवाज येतोय का? खोकतीय का? मंग तिला श्वास हाय. तिचं ती काढंल. आवाज बंद झाला तर मी हाय इथं. कुणी हात लावायचा नाय."

त्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या, एक हात लेकराच्या पाठीशी तयार ठेवून, न लावता. राजनंदिनी आणखी एकदा खोकली. तुकडा जिभेवरून पुढं आला आणि टपकन पुढ्यात पडला. तिनं त्याच्याकडं चकित होऊन बघितलं, उचलला, आणि परत तोंडात घातला.

आधी कारभारी हसले. मग सगळेच हसले. हनुमान भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं खिरीच्या शर्टानंच घाम पुसला.

"मला हे सगळं पाठ होतं," सायली म्हणाली. "वीस वेळा वाचलंय. पण पायच गळाले, आई."

"पहिल्यांदा समद्यांचंच गळत्यात. माझ्या पहिल्या टायमाला मीच रडले व्हते."

द्वारकाबाई मात्र हिशेबाला पक्क्या. "पण मामाच्या हातचं खाल्लं ना?"

"खाल्लं की, आक्का. दोनदा खाल्लं."

"मंग झालं उष्टावण." त्यांनी पदर सावरला, जरा घुटमळल्या, आणि हात धुवायला उठल्या. परत येऊन त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात लेकरापुढं धरला. "एक फोड ठिव बरं माझ्याबी हातावर. बघू, घेती का." राजनंदिनीनं घेतली, तेव्हा द्वारकाबाईंचा चेहरा असा फुलला, की कारभारींनी लगेच आपला नंबर लावला. सत्यमनंही लावला. आक्कांनी नंतर कुणाला न विचारता वाटीभर खीर घेतली, आणि साडीच्या भांडणानंतर या घरात त्यांनी खाल्लेली ती पहिली वस्तू होती.

या गडबडीत सायली सासूशेजारी येऊन बसली. "आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही बोट लावलं असतं तर तिनं तोंड उघडलं असतं. सगळे म्हणत होते. तरी तुम्ही लावलं नाही."

हे कौतुक कस्तुराबाईंना सोसवेना. ओरडली असती तर सोसलं असतं.

"नसतं उघडलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गुरुवारी लावून बघितलं. तू आंघोळीला गेली व्हतीस. वरण घेतलं व्हतं, चमचा घेतला व्हता. शब्द मोडला मी." त्यांनी खाली बघितलं. "दोनदा लावलं. नाय उघडलं तिनं तोंड."

हसणं थांबलं. सायली काय म्हणते इकडं सगळ्यांचं लक्ष होतं. द्वारकाबाईंना मात्र शब्दाचं काही पडलेलं नव्हतं. "तुझं बोट नाय चाललं?" त्यांचा खिरीचा हात हवेतच राहिला. "बत्तीस वर्सांत?"

"नाय चाललं."

"मला माहितीये," सायली म्हणाली.

"काय?"

"झबलं धुतलंत तुम्ही, पण हळद अशी निघते होय? टाकीमागं वाळत होतं. मी संध्याकाळीच बघितलं."

"मंग बोलली कामून नाय?"

"बोलणारच होते. रागही आला होता, खोटं कशाला सांगू. पाळणाघरात फोनसुद्धा लावायला घेतला होता." सायलीनं लेकीची कुंची सरळ केली. "पण शुक्रवारी सकाळी तुम्ही स्टुलावर चढून चांदीचा वाटी-चमचा माळ्यावर टाकलात. तेही बघितलं. म्हटलं, रविवारपर्यंत थांबू."

कस्तुराबाईंना उद्याचं विचारायचं होतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. त्या तशाच खुर्चीपाशी बसून राहिल्या, लेकराच्या तोंडाच्या उंचीवर तोंड. राजनंदिनीनं मुठीतला भोपळा बघितला. अर्धा चोखलेला, चिरडलेला, लाळेनं चकाकणारा. तिनं आजीकडं बघितलं. आणि मूठ पुढं करून तो आजीच्या ओठांना लावला.

कस्तुराबाईंनी झटकन तोंड मिटलं.

"आई, उघड की," सत्यम म्हणाला. "नात भरवतीय."

"जबरदस्ती करू नका हं त्यांना," सायली म्हणाली. तिच्या डोळ्यांत हसू होतं. "मन असेल तर खातील."

राजनंदिनीनं भोपळा डावीकडून लावून बघितला, उजवीकडून लावून बघितला. मग तिची मूठ घसरली आणि तिचं एक इवलंसं, चिकट, पिवळं बोट आजीच्या हनुवटीखाली टेकलं.

कस्तुराबाईंचं तोंड उघडलं.

भोपळ्यात मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, काहीच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बत्तीस वर्षांत त्यांनी किती लेकरांना भरवलं असेल, पण त्यांना कुणी भरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"उद्या सकाळी पावणेआठला निघते मी," सायली म्हणाली. "तिच्या दुपारच्या फोडी मी चिरून ठेवू, का तुम्ही चिराल?"

तोंड भरलेलं होतं, बोलता येईना. कस्तुराबाईंनी उजव्या हाताचं पहिलं बोट पदरातून बाहेर काढलं आणि स्वतःच्या छातीला लावलं.